कंपनीतून अमेरिकेला ट्रान्स्फर: एल-१ व्हिसा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मॅनेजर कॉलवर म्हणतो, तुला अमेरिकेच्या ऑफिसला पाठवायचं चाललंय, एल-१ करू, आणि लगेच सगळ्यांचा पहिला प्रश्न येतो की लॉटरी लागेल का. एल-१ ला लॉटरी नसतेच. एच-१बी या नेहमीच्या वर्क व्हिसाला वर्षाला ८५ हजारांचा कोटा आहे म्हणून तिथे लॉटरी निघते, एल-१ ला कोटाच नाही, वर्षभरात कधीही फाइल करता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जांवर जी एक लाख डॉलरची रक्कम लावली तीही एल-१ ला लागू नाही. त्यामुळे हल्ली ज्याला त्याला एल-१ हवाय, आणि अर्धवट माहितीवर घर भाड्याने देऊन टाकणारे पण खूप दिसतात.

मी पुण्यात ट्रान्स्फरवर जाणाऱ्या लोकांचे कागद बघणाऱ्या टीममध्ये काम करते. कागद गोळा करायचे, वकिलांकडे पाठवायचे, लोकांना इंटरव्ह्यूसाठी तयार करायचं, हेच रोजचं काम. आणि रोज एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, ती म्हणजे तुमची फाइल तुम्ही स्वतः वाचा. वकील कंपनीने नेमलेला असतो, फी कंपनी भरते, फॉर्म तोच भरतो, म्हणून दहा-बारा वर्षं अनुभव असलेली हुशार माणसंसुद्धा आपल्याबद्दल काय लिहिलंय हे न बघता मुंबईला अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये (वाणिज्य दूतावासात) इंटरव्ह्यूला जातात. पण खिडकीसमोर उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, वकील तिथे नसतो.

आता सुरुवातीपासून घेऊ.

आधी हे बघा की तुम्ही बसता का

मूळ अट अशी की मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग तुम्ही याच कंपनीत, किंवा तिच्या मूळ कंपनीत, ब्रँचमध्ये, सबसिडिअरीत नाहीतर भगिनी कंपनीत, अमेरिकेच्या बाहेर काम केलेलं पाहिजे. हे एक वर्ष मोजताना दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे मध्ये बी-१ या बिझनेस व्हिजिटच्या व्हिसावर मीटिंगसाठी अमेरिकेला जाऊन आला असाल तर तेवढे दिवस वर्षात धरत नाहीत. सलगपणा त्याने तुटत नाही पण तेवढे दिवस पुढे भरून काढावे लागतात, म्हणजे दोन महिने तिकडे राहून आलात तर बारा नाही, चौदा महिने लागतील. दुसरं म्हणजे पेरोल. बसायचो त्याच ऑफिसमध्ये, आयडी कार्डही कंपनीचं, पण पगार व्हेंडरकडून यायचा, मग सहा महिन्यांपूर्वी परमनंट झालो, अशी केस हिंजवडीत ढिगाने आहे. तो व्हेंडरचा काळ एक वर्षात धरला जाईल असं गृहीत धरू नका, जॉइनिंगची खरी तारीख वकिलाला पहिल्याच ईमेलमध्ये सांगा.

मग प्रकार दोन. एल-१ए मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्हसाठी, एल-१बी कंपनीचं स्पेशलाइज्ड नॉलेज असलेल्यांसाठी. एल-१ए वर जास्तीत जास्त सात वर्षं राहता येतं, एल-१बी वर पाच. साधारणपणे सुरुवातीला तीन वर्षं मिळतात आणि नंतर दोन-दोन वर्षांनी वाढवतात. कंपनी अमेरिकेत नवीनच ऑफिस उघडत असेल आणि त्यासाठी तुम्हाला पाठवत असेल तर मात्र पहिल्यांदा एकच वर्ष मिळतं, आणि वर्षभरात ते ऑफिस खरंच उभं राहिलंय हे दाखवावं लागतं.

मॅनेजर म्हणजे व्हिजिटिंग कार्डवर मॅनेजर लिहिलेला नव्हे. आपल्याकडे डेझिग्नेशन्स सढळ हाताने वाटतात, पण त्यांना बघायचं असतं की तुमच्या हाताखाली कोण आहे, ते स्वतः प्रोफेशनल आहेत का, त्यांचं अप्रेझल, हायरिंग, रजा तुमच्या हातात आहेत का, आणि तुम्ही दिवसभर लोकांकडून काम करून घेता का स्वतःच कोड लिहिता. हाताखाली माणसं नसली तरी कंपनीचं एखादं महत्त्वाचं फंक्शन पूर्ण तुमच्याकडे असेल तर एल-१ए होऊ शकतो, पण ते पटवून देणं बरंच अवघड जातं, त्यासाठी ऑर्ग चार्ट आणि कामाच्या वेळेची टक्केवारी व्यवस्थित लिहिलेली लागते.

स्पेशलाइज्ड नॉलेजबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण बहुतेक रिजेक्शन्स मी इथेच बघते. यात तुमची हुशारी मोजत नाहीत. कंपनीचं स्वतःचं प्रॉडक्ट, सर्व्हिस, टूल आणि त्याचा बाजारात होणारा वापर याची खास माहिती, किंवा कंपनीच्या अंतर्गत प्रोसेसची वरच्या पातळीवरची माहिती, असं ते बघतात. जावा, सॅप, एडब्ल्यूएस हे जगभर कुणालाही येतं. तुमच्या कंपनीने घरात बनवलेलं जे आहे, जे बाहेरून माणूस आणला तर त्याला शिकवायला महिने लागतील, ते तुमच्याकडे असलं पाहिजे. असं काही खरंच नसेल तर मॅनेजरशी आत्ताच स्पष्ट बोला, ओढूनताणून केलेली केस कॉन्सुलेटला लगेच कळते आणि एकदा नकार बसला की तो पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये लिहावा लागतो.

आणि एक, क्लायंटच्या ऑफिसमध्ये बसायचं असेल तर. २००४ च्या एल व्हिसा रिफॉर्म कायद्यानंतर एल-१बी वाला माणूस मुख्यतः क्लायंटकडे बसून, क्लायंटच्याच देखरेखीखाली काम करणार असेल, किंवा कंपनी नुसतीच माणसं पुरवत असेल, तर व्हिसा मिळत नाही. क्लायंटकडे बसताच येत नाही असं नाही, पण तुमच्यावर कंट्रोल तुमच्याच कंपनीचा असला पाहिजे आणि काम तुमच्या कंपनीच्या खास प्रॉडक्टशी किंवा ज्ञानाशी जोडलेलं पाहिजे. सर्व्हिसेस कंपनीतल्या लोकांनी हा प्रश्न आधी विचारावा: मी रोज कुठल्या पत्त्यावर बसणार आणि मला काम कोण सांगणार?

ब्लँकेट का इंडिव्हिज्युअल

रस्ते दोन आहेत. इंडिव्हिज्युअलमध्ये कंपनी तुमच्या एकट्यासाठी यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१२९ पिटिशन (अर्ज) टाकते, ते मंजूर झालं की आय-७९७ नावाचा कागद येतो, मग तुम्ही कॉन्सुलेटला व्हिसा स्टँपिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायला, जाता. प्रीमियम प्रोसेसिंगची जादा फी भरली तर १५ वर्किंग दिवसांत त्यांच्याकडून काहीतरी उत्तर येतं, ते अप्रूव्हल असेल किंवा आरएफई, म्हणजे अजून पुरावा द्या असं पत्र.

ब्लँकेटमध्ये मोठ्या कंपनीने आपल्या सगळ्या ग्रुपसाठी एकदाच मंजुरी घेऊन ठेवलेली असते. ती सगळ्यांना मिळत नाही. अमेरिकेतलं ऑफिस किमान एक वर्ष चालू असावं लागतं, देशात-परदेशात मिळून तीन किंवा जास्त शाखा असाव्या लागतात, आणि शिवाय मागच्या बारा महिन्यांत दहा एल मंजुऱ्या, किंवा अमेरिकेतली विक्री अडीच कोटी डॉलर, किंवा तिकडे हजार कर्मचारी, यातलं काहीतरी एक लागतं. अशा कंपनीत असाल तर तुमच्यासाठी फक्त आय-१२९एस हा फॉर्म भरतात आणि तो घेऊन थेट कॉन्सुलेटला जाता. वेळ खूप वाचतो. पण मग तुमची केस पहिल्यांदा वाचणारा माणूस तो खिडकीतला ऑफिसरच असतो, आणि त्याच्यासाठी नियम असा आहे की केस स्पष्टपणे मंजूर करण्यासारखी दिसली तरच हो म्हणायचं, शंका आली तर नाही. म्हणून ब्लँकेटवाल्याला तयारी इंडिव्हिज्युअलवाल्यापेक्षा जास्त लागते, कमी नाही. ब्लँकेटमध्ये नकार आला तर कंपनी नंतर इंडिव्हिज्युअल पिटिशन टाकू शकते, तो मार्ग बंद होत नाही, पण आधीचा नकार त्यात सांगावा लागतो.

ब्लँकेटवर एल-१बी करायचा तर पदवीही बघतात. चार वर्षांचं बीई असेल तर सहसा प्रश्न येत नाही. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असेल तर वकिलाला सुरुवातीलाच सांगा, अनुभव धरून इव्हॅल्युएशन करून घ्यायचं का ते तो ठरवेल.

कागद जमवायला घ्या

पासपोर्ट आधी काढून एक्स्पायरी बघा. दीड-दोन वर्षांत संपत असेल तर आत्ताच रिन्यू करा, का ते खाली आय-९४ च्या (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीच्या) भागात येईल. मुलांचे पासपोर्ट तर पाचच वर्षांचे असतात, ते लोक विसरतात.

पदवीचं सर्टिफिकेट. आपल्याकडे खूप जणांकडे मार्कशीट्स आणि प्रोव्हिजनल असतं, कॉन्व्होकेशनला कुणी गेलेलं नसतं आणि मूळ सर्टिफिकेट विद्यापीठात पडून असतं. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि वेळ लागतो, तर ते काम आजच सुरू करा. जुन्या कंपन्यांची एक्स्पिरियन्स लेटर्स, या कंपनीचं ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, प्रमोशनची पत्रं, ट्रेनिंग दिलं असेल तर त्याची सर्टिफिकेट्स, पेटंट किंवा इंटर्नल अवॉर्ड असेल तर तेही. एल-१ए वाल्यांना तारखेसकट ऑर्ग चार्ट, इकडचा आणि तिकडचा दोन्ही.

लग्नाचं सर्टिफिकेट महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातलं किंवा रजिस्ट्रारचं लागतं, मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका चालत नाहीत. लग्नाची नोंदणी राहिलीच असेल तर ती नंतरही करता येते, पण साक्षीदार, भटजींची माहिती, फोटो हे सगळं गोळा करण्यात दिवस जातात. आणि नावांचं बघा. आपल्याकडे लग्नानंतर बायकांचं मधलं नाव, आडनाव आणि कधीकधी पहिलं नावसुद्धा बदलतं, डिग्री माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पासपोर्ट आणखी तिसऱ्याच स्पेलिंगने. व्हिसासाठी पासपोर्टवरचं नाव तेच खरं. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं अजिबात नाही, माहेरचं नाव तसंच ठेवून सोबत लग्नाचं सर्टिफिकेट दिलं तरी काम होतं. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं पासपोर्टशी जुळतात का ते आत्ता बघा, दुरुस्ती करायची तर वेळ हाताशी पाहिजे.

सपोर्ट लेटर वाचणे, म्हणजे खरी तयारी

वकील कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र तयार करतो, काही पानांचं असतं, त्यात तुम्ही इथे काय करता, तिथे काय करणार, तुमच्याकडचं ज्ञान खास का, पगार किती, पत्ता कुठला, हे सगळं असतं. हे पत्र म्हणजे तुमची केस. ड्राफ्ट आला की एका बैठकीत शांतपणे वाचा. त्यात एखादं असं वाक्य असेल जे तुमच्या कामात बसत नाही, म्हणजे कुणा दुसऱ्याच्या फाइलमधून उचललेलं वाटतंय, तुम्ही कधी न वापरलेल्या टूलचं नाव आहे, टीममध्ये आठ जण आहेत आणि तिथे पंधरा लिहिलेत, तर लगेच कळवा. संकोच करू नका. चांगल्या वकिलाला असे करेक्शन्स हवेच असतात.

मग ते पत्र बाजूला ठेवा आणि आपल्या तोंडाने, साध्या भाषेत, सांगायचा सराव करा. ऑफिसर टेक्निकल माणूस नसतो. मी सरावाला बसवते तेव्हा पहिलं उत्तर साधारण असं येतं:

"मी सीनियर टेक लीड आहे, मला अकरा वर्षांचा अनुभव आहे, मी जावा, मायक्रोसर्व्हिसेस आणि क्लाउडवर काम करतो."

यात खोटं काही नाही, पण असं म्हणणारी माणसं अमेरिकेतही भरपूर आहेत, मग तुम्हालाच कशाला न्यायचं? त्याच माणसाशी अर्धा तास बोललं की मग निघतं ते हे:

"आमच्या कंपनीचं इन्शुरन्सचे क्लेम तपासणारं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. कुठला क्लेम आपोआप पास करायचा आणि कुठला माणसाकडे पाठवायचा हे ठरवणारा भाग पुण्यात आमच्या चार जणांच्या टीमने बनवला, मी पहिल्या दिवसापासून त्यात आहे. आता तो अमेरिकेतल्या ऑफिसमध्ये बसवायचाय, तिथल्या टीमला तो माहीत नाही. मी जाऊन तो बसवणार आणि त्यांना शिकवणार."

बघा, एकही टेक्नॉलॉजीचं नाव नाही आणि तरी सगळं आलं, काय आहे, कुणाचं आहे, मला का येतं, तिकडे गरज काय. तुमचं उत्तर या वळणाने तुमच्याच कामातून बनवा, इंग्रजीत बोलायचंय तर इंग्रजीत मोठ्याने म्हणून बघा. पाठ मात्र करू नका, पाठांतर लगेच ओळखू येतं आणि मध्ये एक प्रश्न आला की गाडी अडते.

डीएस-१६०

हा व्हिसाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. थोडा वेळ काही केलं नाही की पेज बंद होतं, म्हणून सुरुवातीला मिळणारा ॲप्लिकेशन आयडी लिहून ठेवा आणि दर पानाला सेव्ह करा. मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी अकाउंट्स विचारतात, बंद पडलेलं असलं तरी टाका. आधी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला असेल, अगदी कॉलेजात असताना एफ-१ (स्टुडंट व्हिसा) नाकारला असेल, तरी हो लिहा, त्यांच्या सिस्टिममध्ये ते दिसतंच.

अजून एक प्रश्न असतो की तुमच्यासाठी कुणी कधी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा अर्ज, टाकलंय का. तिकडे राहणाऱ्या बहिणीने किंवा भावाने वर्षांपूर्वी तुमच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज टाकून ठेवलेला असतो आणि नंतर घरात कुणाच्या लक्षातही नसतं. घरी विचारा आणि खरं लिहा. टुरिस्ट व्हिसासाठी ते अडचणीचं ठरू शकतं, पण एल-१ मध्ये ड्युअल इंटेंट चालतो, म्हणजे पुढेमागे तिथे स्थायिक व्हायची इच्छा असली तरी त्या कारणाने व्हिसा नाकारत नाहीत. लपवलं तर मात्र खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसेल, आणि तो फार महागात पडतो.

कंपनी वकिलामार्फत हा फॉर्म भरून देत असेल तरी सबमिट व्हायच्या आधी पीडीएफ मागा आणि तारखा आपल्या रेझ्युमेशी, लिंक्डइनशी, सपोर्ट लेटरशी जुळवा. अपॉइंटमेंट घेताना टाकलेला बारकोड नंबर आणि इंटरव्ह्यूला नेणार तो कन्फर्मेशन पेज, दोन्ही एकच हवेत.

फी आणि अपॉइंटमेंट

व्हिसाची फी माणशी २०५ डॉलर, तुमची आणि एल-२ वर येणाऱ्या बायको-नवऱ्याची, मुलांचीही. त्याशिवाय ५०० डॉलरची फ्रॉड प्रिव्हेन्शन फी असते, इंडिव्हिज्युअलमध्ये ती कंपनी पिटिशनबरोबरच भरते, ब्लँकेटमध्ये ती कॉन्सुलेटला भरावी लागते, तर त्याची सोय कंपनी कशी करणार हे आधी विचारून घ्या. ज्या कंपन्यांचे अमेरिकेतले ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल वर आहेत त्यांना अजून ४,५०० डॉलर लागतात. हे खर्च कंपनी करते, पण बाँड आहे का ते वाचा. दोन वर्षांच्या आत सोडलं तर रिलोकेशनचा खर्च परत द्यायचा अशा अटी असतात, सही करण्याआधी कुठला कुठला खर्च त्यात धरलाय ते लेखी घ्या.

अपॉइंटमेंट दोन असतात. एक व्हीएसीला (व्हिसा अर्ज केंद्राला) फोटो आणि बोटांचे ठसे, दुसरी कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू. आधी बऱ्याच जणांना ड्रॉपबॉक्सने, म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय नुसते कागद देऊन, रिन्यू करता यायचं, २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत वर्क व्हिसावाल्यांना जवळपास संपली, १४ वर्षांखालच्या मुलांनाही आता साधारणपणे समोर न्यावं लागतं. स्लॉट आपल्या सोयीने मिळत नाहीत, त्यामुळे तिकीट, घराचा करार, मुलांच्या शाळेचा दाखला यातलं काहीही व्हिसा हातात पडायच्या आधी पक्कं करू नका, प्रोजेक्टचं प्रेशर कितीही असू दे.

इंटरव्ह्यूचा दिवस

मुंबईचं कॉन्सुलेट बीकेसीत आहे. घरातल्या मोठ्यांपैकी कुणी पूर्वी व्हिसा केला असेल तर ते ब्रीच कँडी म्हणतील, ते २०११ पर्यंत तिथे होतं. पुण्याहून पहाटे निघून सकाळचा स्लॉट गाठायचा प्रयत्न करू नका, एक्सप्रेसवेवर घाटात काय होईल सांगता येत नाही, आदल्या रात्री मुंबईत राहा. मोबाइल, स्मार्टवॉच, लॅपटॉप, मोठी बॅग आत नेता येत नाही, सोबत कुणी असेल तर त्यांच्याकडे द्या. कागद साध्या ट्रान्सपरंट फोल्डरमध्ये, क्रमाने: पासपोर्ट, अपॉइंटमेंट लेटर, डीएस-१६० चं कन्फर्मेशन, मग ब्लँकेट असेल तर सह्या केलेल्या आय-१२९एस च्या तीन प्रती, सपोर्ट लेटर आणि कंपनीच्या ब्लँकेट मंजुरीची कॉपी, इंडिव्हिज्युअल असेल तर आय-७९७ आणि पिटिशनची कॉपी. डिग्री, स्लिपा वगैरे त्याखाली. मागितल्याशिवाय काही पुढे सरकवू नका.

इंटरव्ह्यू बऱ्याचदा काही मिनिटांतच उरकतो. कंपनीत कधीपासून आहात, काय करता, तिकडे काय करणार, हे ज्ञान दुसऱ्या कुणाकडे का नाही, किती लोक रिपोर्ट करतात, पगार किती, कुठे बसणार, क्लायंट कोण. प्रश्न नीट ऐकायला आला नाही तर परत विचारा, अंदाजाने उत्तर देऊ नका. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

मंजूर झालं तर पासपोर्ट ते ठेवून घेतात. ब्लँकेटवाल्यांनी आय-१२९एस वर शिक्का आणि सही झालीये का बघून तो कागद जपून ठेवा, त्याची गरज पुढे पदोपदी लागते. २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर तो कायमचा नकार समजू नका, अजून कागद किंवा तपासणी बाकी आहे असा त्याचा अर्थ, वकिलाला त्याच दिवशी स्कॅन पाठवा. सरळ नकार आला तर काय काय प्रश्न विचारले आणि तुम्ही काय उत्तरं दिली ते बाहेर आल्याआल्या, आठवतंय तोवर, लिहून काढा. पुढची केस त्यावरच उभी राहते.

विमान, एअरपोर्ट आणि आय-९४

हा भाग लक्ष देऊन वाचा. भारतीय पासपोर्टवर एल-१ चा स्टँप पाच वर्षांचाही मिळतो, पण ब्लँकेटचा आय-१२९एस सुरुवातीला तीनच वर्षांचा असतो. लोक पासपोर्टवरची तारीख बघून निवांत राहतात. स्टँपवरची तारीख फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्यासाठी आहे, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ वरची तारीख ठरवते.

आय-९४ आता ऑनलाइन असतो. इमिग्रेशनच्या काउंटरवर ऑफिसर जी तारीख देतो, ती सिस्टिममध्ये जाते. पासपोर्ट लवकर संपत असेल तर तो पासपोर्टच्या एक्स्पायरीपर्यंतचीच तारीख देतो. म्हणजे पिटिशन २०२९ पर्यंतचं पण पासपोर्ट २०२७ ला संपतोय, तर आय-९४ सुद्धा २०२७ चा. नंतर भारतीय दूतावासातून पासपोर्ट नवा केला तरी आय-९४ आपोआप वाढत नाही, आणि हे लक्षात न आल्यामुळे लोक नकळत मुदत ओलांडून राहतात. म्हणून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) वेबसाइटवरून आय-९४ डाउनलोड करा, घरातल्या प्रत्येकाचा, आणि नाव, व्हिसाचा क्लास (प्रकार), तारीख तपासा. पुढे प्रत्येक वेळी भारतात येऊन गेलात की परत तेच करा. तारीख चुकीची दिसली तर कंपनीला त्याच आठवड्यात सांगा.

आय-१२९एस, आय-७९७, सपोर्ट लेटर हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नाही. अबू धाबीमार्गे जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, तुमचं सामान तेव्हा तुमच्याकडे नसतं.

नवरा, बायको, मुलं

एल-२ ची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे जोडीदाराला काम करता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी वेगळ्या वर्क परमिटची वाट बघावी लागत नाही, एल-२ स्टेटसच पुरेसं आहे. फक्त आय-९४ वर एल-२एस असं आलं पाहिजे, तो एस म्हणजे स्पाउस. नुसतं एल-२ आलं तर नोकरी देणाऱ्या कंपनीकडे अडतं, तर ते दुरुस्त करून घ्या. कुठेही नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही. मुलांना २१ वर्षांपर्यंत आणि लग्न झालेलं नसेल तोवर एल-२ मिळतो, शाळा-कॉलेज करता येतं, नोकरी नाही. लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, शाळेत ॲडमिशनच्या वेळी पहिलं तेच मागतात. आईवडिलांना एल-२ मिळत नाही, त्यांना टुरिस्ट व्हिसावर बोलवावं लागतं.

तिथे गेल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स या क्रमाने कामं होतात, कंपनी मदत करते. एवढंच लक्षात ठेवा की भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापले जाणारच, ऑफरचा हिशोब त्याप्रमाणे करा. आणि तिकडचे टॅक्स रेसिडेंट झालात की भारतातलं व्याज, भाडं, म्युच्युअल फंड सगळं तिथे दाखवावं लागतं. इथली खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. हे निघायच्या आधी एखाद्या सीएशी बोलून घ्या, एसआयपी तशाच चालू ठेवायच्या का तेही विचारा.

जायच्या आधीच विचारायचे प्रश्न

एल-१ दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. एच-१बी मध्ये कंपनी बदलता येते, इथे नोकरी आणि व्हिसा एकत्र बांधलेले आहेत. बाहेरची ऑफर आली तर तिथे जायला एच-१बी लागेल, आणि त्यासाठी लॉटरीतून जावं लागेल. नोकरी गेलीच तर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढाच. म्हणून ऑफर लेटरमध्ये ट्रान्स्फर रद्द झाली तर पुण्यातली पोझिशन परत मिळणार का, परतीचं तिकीट आणि सामानाचा खर्च कोण देणार, हे लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर तोवर स्वतःच दुसरीकडे गेलेला असतो.

ग्रीन कार्डचं बोलायला लोक लाजतात, लाजू नका. एल-१ए वाल्यांना ईबी-१सी हा ग्रीन कार्डचा मार्ग असतो, त्यात लेबर सर्टिफिकेशन (या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही हे सिद्ध करणं) लागत नाही आणि भारतीयांसाठी रांग ईबी-२, ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या इतर गटांपेक्षा बरीच कमी आहे. पण त्यासाठी निघण्याआधी इथे भारतातलं कामही मॅनेजर पातळीवरचंच असावं लागतं, एक वर्षभर. म्हणजे इथे इंजिनिअर होता आणि तिकडे जाऊन मॅनेजर झालात तर एल-१ए मिळू शकेल पण ईबी-१सी ला अडेल. इथे प्रमोशन जवळ आलं असेल तर सहा महिने-वर्ष थांबून गेलेलं कधीकधी जास्त शहाणपणाचं. एल-१बी वर जाऊन तिकडे मॅनेजर झालात तरी सात वर्षं मिळण्यासाठी पाच वर्षं संपायच्या निदान सहा महिने आधी मॅनेजरच्या रोलमध्ये असावं लागतं आणि कंपनीने तसं अमेंडमेंट फाइल केलेलं लागतं. रोल बदलला की एचआरला ईमेल करा, नुसतं सिस्टिममध्ये डेझिग्नेशन बदलून भागत नाही.

एक्स्टेन्शन मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून फाइल करता येतं. मुदतीच्या आत फाइल झालं असेल तर निर्णय येईपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. भारतात घालवलेले दिवस पाच किंवा सात वर्षांच्या हिशोबातून वजा करून परत मिळवता येतात, त्यासाठी प्रत्येक ट्रिपचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाकत जा, जुना पासपोर्ट फेकू नका. आणि आय-९४ ची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आठ महिने आधीची आठवण लावून, कारण वकील आणि एचआर बदलत राहतात.